न घासलेल्या एकमेव थालरच्या स्वीकृतीबाबत

प्रति,
माननीय अभिरक्षक,
नाणे विभाग, वस्तुसंग्रहालय.

विषय: पतीच्या संग्रहातील युरोपीय चांदीच्या नाण्यांपैकी न घासलेले एकमेव नाणे देणगी म्हणून स्वीकारण्याबाबत.

संदर्भ: देणगीच्या अटी कळवणारे आपल्या विभागाचे पत्र.

महोदय,

जुन्या चांदीच्या नाण्यावर कडेकडून आत सरकत गेलेला निळसर काळा थर असतो. तो मळ नव्हे. हवेतल्या गंधकाने शतकानुशतके चढवलेला तो अतिशय पातळ लेप आहे. नुसत्या बोटाने तो निघत नाही. ओल्या फडक्यावर दंतमंजन घेऊन घासल्यास मिनिटभरात निघतो आणि पुन्हा कधी तसा चढत नाही. आपण तज्ज्ञ आहात; तरी हे सांगण्याचे कारण पुढे येईल.

१. माझे पती सोळाव्या ते अठराव्या शतकातील थालर, म्हणजे युरोपातील जाड, मोठी चांदीची नाणी, आयुष्यभर जमवत आले. कपाटाची किल्ली त्यांच्या गळ्यात असे. आमची मुलगी सात वर्षांची असताना त्यांच्या वाढदिवशी तिने मेजावर राहिलेले एक नाणे दंतमंजनाने लख्ख केले आणि "बाबा, बघा, नवीन केलं!" म्हणत त्यांच्या हातात दिले. त्या नाण्यावर उपटलेले झाड हातात धरलेला रानटी माणूस कोरलेला होता. पतींनी तिला मारले नाही. त्या रात्रीपासून ते नाणे तिच्या ताटाशेजारी ठेवले जाऊ लागले. पाहुणा आला की ते शांतपणे विचारत, "सांगा बाईसाहेब, हे कोणी केलं?" तिने "मी" म्हटल्याशिवाय वाढणे सुरू होत नसे. ती घर सोडून जाईपर्यंत हा क्रम चालला.

२. ही नाणी घरात आहेत तोवर पाऊल टाकणार नाही, असे मुलीने जाताना सांगितले. नाणी गेल्यावर येशील का, असे मी फोनवर विचारते तेव्हा ती म्हणते, "बघू, आई." ती यावी, एवढाच माझा या प्रकरणातील हेतू आहे.

३. "बघू" हा शब्द तिने वडिलांकडूनच उचलला. संग्रह आपल्याला देण्याचे त्यांनी चारचौघांत जाहीर केले होते, पण सहीची वेळ आली की "बघू, घाई काय आहे?" पुढे अर्धांगवायूने उजवा हात गेला. त्यावर आपण दोन अटी कळवल्या: (अ) मालकाने दोन साक्षीदारांसमोर तोंडी संमती द्यावी व साक्षीदारांचे शब्द जसेच्या तसे कळवावेत, (ब) घासलेले नाणे स्वीकारले जाणार नाही. पतींची वाचा शाबूत आहे. उशी सरकली तर त्यांची हाक जिन्यापर्यंत ऐकू जाते. संमती विचारली की मात्र "बघू".

४. म्हणून मी एक पद्धत ठरवली. त्यांच्या खाटेजवळ स्टुलावर वाटीभर पाणी, फडके आणि दंतमंजन ठेवले. रोज सकाळी एकदाच विचारायचे, "संग्रहालयाला देऊ का?" "बघू" असे उत्तर आले की एक नाणे त्यांच्यासमोर घासून, पुसून, त्यांच्या नजरेसमोर भिंतीला टेकून उभे करायचे. पहिल्या दिवशी ते हसले आणि म्हणाले, "तुझी छाती व्हायची नाही." पुढे त्यांनी शिव्या दिल्या. त्यापुढे ते रडले. उत्तर बदलले नाही. मी आवाज चढवला नाही, याची नोंद घ्यावी. नर्स म्हणाली, "ताई, पुरे करा, तुमच्या पाया पडते." तिला मी पाणी बदलून आणायला सांगितले.

५. या काळात पतींशी समक्ष बोलून संमती घेण्यासाठी माणूस पाठवण्याची मी आपल्याला तीनदा विनंती केली. "विषय विचाराधीन आहे" असे तिन्ही वेळा उत्तर आले. आमच्या घरात याला "बघू" म्हणतात. आपला माणूस वेळेवर आला असता तर अर्धा संग्रह वाचला असता.

६. आज एकच नाणे उरले होते: बिशपचा चेहरा कोरलेले, त्यांचे सर्वांत लाडके. नर्सला पहिली साक्षीदार म्हणून उभे केले. दुसरी साक्षीदार म्हणून मुलीला फोन लावून तो उशाशी ठेवला. ऐकण्यापलीकडे तिला काही करायचे नव्हते. मी प्रश्न विचारला आणि अंगठ्याला फडके गुंडाळले. ते फडक्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दे. सगळं देऊन टाक."

सगळे आता उरलेले नाही. तरी अट (ब) मध्ये बसणारे हे एक नाणे आपण स्वीकारावे, ही विनंती. बाकीची मी उद्या घराबाहेर काढत आहे.

७. अट (अ) नुसार साक्षीदारांचे शब्द:

पहिली साक्षीदार, नर्स: "साहेब 'दे' म्हणाले. मी ऐकलं. उद्यापासून दुसरी बाई बघा, मी या घरात यायची नाही."

दुसरी साक्षीदार, मुलगी: "बाबा काय म्हणाले ते ऐकलं. तू किती शांतपणे विचारलंस तेही ऐकलं. जेवताना ते असंच विचारायचे. नाणी काढ नाहीतर ठेव. आई, मी येणार नाही."

आपल्या अटी पूर्ण करणारी,

(सही)
संग्राहकाची पत्नी,
निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका
दिनांक: १४ मार्च