सगळ्यांना डिनाय

सोमवार, ३ नोव्हेंबर
आजपासून लातूरच्या डाळमिलचा सर्व्हर माझ्या ताब्यात. भोकरहून एसटीनं हाडं खिळखिळी झाली होती, पण मालक शिवमूर्ती अप्पांनी आल्या आल्या चुरमुऱ्यांची सुशीला खाऊ घातली. डाळीची धूळ नको म्हणून सर्व्हर जुन्या शीतखोलीत ठेवलाय. खिडकी नाही, मोबाईलला रेंज नाही. बोट लावलं की दार उघडतं, आतूनही. कोण आत, कोण बाहेर, पडद्यावर दिसतं. माझी पोर स्वप्नाली भोकरला माझ्या आईपाशी आहे. रविवारी तिचा वाढदिवस. शनिवारची दोनची एसटी धरायची, काहीही झालं तरी!

मंगळवार
लेबलांचं फोल्डर कुणालाच उघडेना. ओनर, म्हणजे फोल्डरचा मालक, म्हणून बसवंतचं नाव. तो माझ्या आधीचा अ‍ॅडमिन, गेल्या वर्षी वारला. गेलेल्या माणसाचं नाव अप्पा कुठूनच काढू देत नाहीत, हजेरीतसुद्धा नाही. खोली झाडणाऱ्या मल्लम्मा म्हणाल्या, त्यो गेलाय कुठं, हितंच हाय की. मला हसू आवरेना.

बुधवार
ओनर म्हणून माझं नाव घातलं, तनुजा. फोल्डर उघडलं. जेवून आले तर परत बसवंत.

गुरुवार
त्याचं खातं बंद केलं. पुन्हा चालू. अप्पांना विचारलं तर म्हणे मी न्हाई केलं. मल्लम्मांनी आज सांगितलं, बसवंत ह्याच खोलीत अडकून मेला. शनिवारी अडकला, सोमवारी सापडला. आता खरंच भीती वाटतेय. पडद्यावर लिहिलेलं असतं: बसवंत, आत.

शनिवार, साडेबारा
मिल सुटली. सगळे गेले. जायच्या आधी बसवंतला बाहेर काढलं. सगळ्या सर्व्हरवर 'सगळे' या गटाला डिनाय, म्हणजे मनाई, लावलं, फक्त मला परवानगी.

पाऊण
काय केलं मी! डिनाय परवानगीवर भारी पडतं. सगळ्यांत मीही येते. दाराची यादीही ह्याच सर्व्हरवर. बोट लावते, लाल दिवा.

सव्वा
ओरडून घसा बसला. सोमवारपर्यंत कुणी नाही. डिनाय फक्त ओनर काढू शकतो. आणि दाराच्या यादीचाही ओनर—
मोठ्यानं विनवलं. बसवंतदादा, दार उघडा.

१.३१
हिरवा दिवा. दार उघडलं. धावले— गार काहीतरी मला घासून पुढं गेलं. दार लागलं. मी आतच.

पडद्यावर—
बसवंत, आत.
तनुजा, बाहेर, १.३१.

मला कुणी शोधणार नाही. मी गेलेय. मी—

दोन
एसटी सुटली असेल. पोर दारात बसेल वाट बघत.
स्वप्ना, दार उघडू नको, ती मी न