केशोरीच्या हुकुमावरून बंद केलेली खोली

तिरोडा,
२८ ऑक्टोबर २०२२

सौ. मंदाबाई विहीणबाईंना धनवंताचा नमस्कार.

तुमचा खोकला कमी झाला असेल आणि व्याह्यांना धान कापायला मजूर मिळाले असतील, असं धरून चालते. तुम्ही पाठवलेले अनारसे चांगले झाले होते. हे फोनवरच बोलले असते. पण ग्रहणाच्या संध्याकाळपासून तुम्ही माझा फोन उचलत नाही आणि रेणूचाही नाही. माझा उचलला नाही तर मी समजू शकते. पण तुमची पोटची पोर, तीही सातव्या महिन्यातली, घडीघडी फोन पाहते आणि तुमचा नसला की भांडी घासायला बसते. (घरात घासायला भांडं उरलेलं नाही.) म्हणून उमेंद्रच्या हाती केशोरीला हे पत्र. त्याला चहा द्या. जावई म्हणून नाही तरी टपालवाला म्हणून.

फोटो पाहून तुम्हाला धक्का बसला, हे मान्य. पण तो निघाला कसा, ते ऐकून घ्या. मी एकेकाळी बी.एस्सी. झालेली बाई. ग्रहणासाठी मी नागपूरहून खास चष्मे मागवले आणि मोहल्ल्याला गच्चीवर बोलावलं. शेजारचे केवळराम चष्मा नको म्हणाले. ते स्वतःच्या गुडघ्याचा एक्स-रे घेऊन आले होते. "बाई, माहाच गुडघा आहे, तो मले काऊन आंधळा करन?" मी एक्स-रे जप्त केला. (तो अजून माझ्याकडेच आहे. ते रोज मागून राहिले. डॉक्टरला दाखवायचा आहे म्हणतात.) उन्हाचा काळा चष्मा, काजळी धरलेली काच, हळदीच्या पाण्याची परात, सगळं मी गच्चीवरून खाली पाठवलं. एकाही डोळ्याला इजा झाली नाही.

रेणूलाही वर यायचं होतं. चष्मा लावून आली असती तर काही बिघडलं नसतं, असं माझं शास्त्र सांगत होतं. पण तुम्ही परत परत फोन करून माझ्याकडून शब्द घेतला होता: पोटुशीवर ग्रहणाची सावली पडू नये, दारं-खिडक्या बंद, सुई-सुरी लांब, आणि पोरीनं जागचं हलायचं नाही. शब्द दिला की मी पाळते. मागच्या खोलीच्या खिडकीची लाकडी दारं लावली, फटींत चिंध्या कोंबल्या, दाराखाली पोतं सारलं. इतक्या नेटानं मी धानाची कोठीसुद्धा कधी बंद केली नव्हती. राहिलं ते खिडकीच्या कोपऱ्यातलं, निखळलेल्या खिळ्याचं एक भोक.

आता शास्त्र ऐका, थोडकंच आहे. अंधाऱ्या खोलीत बारीक भोकातून ऊन आलं, की समोर सूर्याचं चित्र उमटतं. बाहेर सूर्य पूर्ण असेल तर पूर्ण, ग्रासलेला असेल तर ग्रासलेला. कॉलेजात मी हे मार्कांसाठी पाठ केलं होतं, आणि मार्क मिळाल्यावर विसरले होते. थोडक्यात, आपण दोघींनी मिळून तिरोड्यातली ग्रहण पाहायची सगळ्यात उत्तम खोली तयार केली, आणि भोकासमोर, खाटेवर, तुमच्या लेकीला भिंतीला टेकवून बसवलं.

तिची हाक आली म्हणून मी धावत खाली आले. पाहते तर तिच्या पोटावर, साडीवर, लिंबाच्या चकतीएवढा सूर्य, एका बाजूनं कुरतडलेला. मी ओरडले, अगं, सरक! तर म्हणते, "तुम्हीच तर म्हणाल्या ना आई, हलू नको म्हणून."

त्यानंतर मी जे केलं ते फोटोत नाही. मी भोकावर हात ठेवला. त्या उजेडानं मुंगीसुद्धा तापली नसती हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी हात निघेना. रेणू म्हणाली, "काऊन झाकून राहिल्या? राहू द्या ना." मी हात काढला. सूर्य परत जागेवर येऊन बसला, आणि तेवढ्यात आतून बाळानं लाथ मारली. तो एवढासा सूर्य हलला, विहीणबाई. रेणू हसायला लागली तसा आणखी हलला. फोटो माझ्यामागून खाली आलेल्या उमेंद्रनं त्या वेळी काढला आणि रेणूनं सगळ्यांत आधी तुम्हाला पाठवला. तिला वाटलं, तुम्हीही हसाल.

तुमचा राग कसा चुकीचा आहे, हे मुद्देसूद लिहायला मी बसले होते. पण हात मीही ठेवला होता; आता कोणत्या तोंडानं लिहू? व्याह्यांना नमस्कार सांगा.

तुमची विहीण,
धनवंता

ता.क. पाडव्याच्या सकाळी मी रेणूला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय त्रास होतो? रेणू म्हणाली, "मले काही नाही, आईलेच होऊन राहिला." बाळ उत्तम आहे. ठोके मी स्वतः दोनदा ऐकले, खात्रीसाठी.

ता.ता.क. बाळंतपणाला तिला केशोरीला न्यायचं ठरलं होतं, ते मोडू नका. ८ नोव्हेंबरला चंद्रग्रहण आहे. त्याच्या आधीच येऊन घेऊन जा. तिला कुठं बसवायचं, काय खाऊ द्यायचं, सगळं तुम्ही ठरवा, मी एक अक्षर बोलणार नाही. (चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहता येतं, एवढं एकच बोलते.) आणि उमेंद्र पोचला की त्याच्याच फोनवरून रेणूला लावा. मला फोन द्यायला सांगू नका, मी भांडेन. तिच्याशीच बोला.