उल्हासकाकांची लेटी

तीर्थरूप उल्हासकाका,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र पाठवणार नाहीये. तुम्हाला आता अक्षरं लागत नाहीत, असं काकू म्हणाली.

काल माझ्या लेकीला, मिहिकाला शाळेत विसरल्या गेलेल्या एखाद्या माणसावर बोलायचं होतं. मी तिला तुमची लेटी ब्रॅनिगन सांगितली. अल मनखूलच्या आपल्या फ्लॅटमध्ये शुक्रवारच्या सुट्टीला तुम्ही आम्हा मुलांना तिचीच गोष्ट सांगायचात. अमेरिकेतल्या खेड्यातली ही शिक्षिका पहिल्या कादंबरीने एकदम गाजली, पेपरात फोटो आले. पुढच्या कादंबऱ्या कुणी वाचल्याच नाहीत. म्हातारपणी ती हॉटेलात चादरींना इस्त्री करायची आणि घरी येऊन लिहीत बसायची.

बाबा हसायचे, "दुबईत राहून त्या बाईचं काय घेऊन बसलास?"

"कुणीतरी तिची आठवण ठेवायला नको?" तुम्ही म्हणायचात.

मिहिका छान बोलली. ते सांगायला संध्याकाळी सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. तुम्ही मला "आपण कोण?" असं अगदी अदबीने विचारलंत. मिहिकाने फोन घेतला. "आजोबा, आय स्पोक अबाउट लेटी ब्रॅनिगन!"

तुम्ही ताठ बसलात. आत हाक मारलीत, "अगं, लेटी आलीय. आधी चहा टाक, दमली असेल बिचारी."

काकूने खरंच आधण ठेवलं. आम्ही दोघी इकडे भांड्यांचा आवाज ऐकत बसलो. फोन कुणीच ठेवला नाही.

तुमची लाडकी,
हेमा