दोन भोपळे आणि मतलई

२५ डिसेंबर १९३४, मंगळ.
पोचलो एकदाचे. कुर्डुवाडी, मिरज, कोल्हापूर, पुढं मोटार. हाडं खिळखिळी. ह्यांची होटगी स्टेशनातली कारकुनी म्हणून रेल्वेचा पास, माझ्या शाळेला नाताळची सुटी. मालवणच्या अलीकडं बाबी म्हणून म्हातारा मासेमार आहे, त्याच्याकडं खोली.

ट्रंकेतून दोन वाळके भोपळे निघाले तशी बाबीची बायको पोट धरून हसली. हसू दे. ह्या खेपेला ह्यांना पोहायला शिकवणारच. ह्यांच्या आठव्या वर्षी विहिरीत पाठीच्या भोपळ्याची गाठ सुटली, केसाला धरून वर काढलं. चाळिशी आली तरी हे काठावर माझं सुकं लुगडं सांभाळत बसतात.

२६, बुध.
वारा विचित्र. एरवी दुपारी समुद्राकडनं येतो म्हणे. यंदा चार दिवस मतलईच, जमिनीवरून समुद्राकडं, दिवसभर. पाणी मात्र गुळगुळीत, लाट म्हणून नाही. माझ्या माहेरची, मोडनिंबची विहीरच वाटली. हे मोजून गुडघ्यापर्यंत.

बाबी : "बाय, दर्यो गप दिसता म्हणान फसू नको. ह्यो वारो भायर व्हरता."

म्हणजे हा वारा बाहेर ओढून नेतो. विहिरीत वाढलेलीला काय सांगतो! मी हसले.

२७, गुरु.


भोपळे ह्यांच्या पाठीला बांधले. "दोन गाठी मार, एकीवर माझा इश्वास न्हाय." मारल्या. छातीभर पाण्यात हे हातपाय मारू लागले आणि चक्क तरंगले! "अगं बघ की! जमतंय की!" मी टाळ्या वाजवल्या. बघते तर हे दहा हात लांब. मग वीस. हे काठाकडं पोहतायत नि वारा भोपळ्यांसकट आत ओढतोय.

गाठलं कसंबसं. दोर भिजून आवळलेला, गाठी दातानं सोडवल्या. तरी हे भोपळे कवटाळून. "ह्याच्याबिगर बुडंन की गं मी!"
"सोडा. माझा खांदा धरा. गळा न्हाय, खांदा."
माझ्या तोंडाकडं बघितलं. सोडले.

वाळूला पाय लागल्यावर रडले ती मी. बाबी कमरेभर पाण्यात येऊन उभा होता. रागावला असता तर बरं झालं असतं. चूक माझीच. लाट नाही म्हणजे भीती नाही, असं धरून बसले.

२८, शुक्र.
वारा तोच. पाण्याकडं फिरकलो नाही. भात, आमटी, झोप, पत्ते. सुख.

बाबीनं शिकवलं : आधी वाळूची चिमूट सोडायची, दर्याकडं उडाली तर मुकाट घरी. ह्यांनी रेल्वेच्या नियमासारखं पाठ केलं. जेवताना गंभीरपणे, "भोपळं आता कुटवर गेलं असतील गं?" ठसका लागेस्तोवर हसलो.

पण पोहण्याचं नाव दोघंही काढत नाही. माझ्यामुळं हे आता जन्मात पाण्यात उतरायचे नाहीत. हेच खातंय मनाला.

२९, शनि.
उद्या परत. उठले तर हे अंथरुणात नाहीत. ओट्यावरून दिसतायत, किनाऱ्यावर. चिमूट सोडली, वाळू उलटी ह्यांच्याच मिशीत. वारा फिरला! बाबीनंही मान हलवली : कमरेपर्यंत, पुढं नाही.

बारक्या लाटा आहेत. हे गुडघाभर पाण्यात. "दोर न्हाय, गाठ न्हाय. ये की लवकर!"

आज भीती मलाच. कासोटा मारून बसलेय, उठवत नाही.

हे मागं वळून बघतसुद्धा नाहीत. नुसता एक हात मागं धरलाय, माझ्या खांद्याच्या उंचीवर.