रुही बाकावर आहे

७ सप्टेंबर, रविवार
दिसली! आमची रुही टीव्हीवर दिसली! बाकावर बसलेली, पिवळं जॅकेट, केस घट्ट बांधलेले. दोन सेकंदच. मी एवढ्यांदा ओरडले की अमित वरून धावत आला — "आई, पडलीस का?"
जर्मनीत टानेनबाख म्हणून गाव आहे, तिथल्या बायकांच्या फुटबॉल क्लबात माझी नात दुसरी गोलकीपर. पहिली लेना. लेना खेळते, रुही बसते. क्लब सगळ्यात वरच्या वर्गात आहे, पण शेवटचे दोन खाली ढकलतात म्हणे. आपण शेवटून तिसरे! मला चौथी शिकलेलीला एवढं कळलं, सूनबाईंना अजून ऑफसाइड कळत नाही.

१२ ऑक्टोबर
हरलो.

९ नोव्हेंबर, रविवार
जेवताना अमित म्हणाला, मेपर्यंत रुही पहिली गोलकीपर झाली नाही तर परत यायचं, मेडिकलच्या तयारीला लागायचं. "एक वर्ष दिलं, इनफ." त्याचंही खरं आहे, बापाचा जीव. रुहीला फोनवर विचारलं तर म्हणते, "आजी, गोलकीपरचं असंच असतं. वेट करायचं."
मला कुठलं वेट! देवापुढे उभी राहिले आणि बोलून बसले — रुही मैदानात उतरेपर्यंत चहा बंद. बोलल्यावर कळलं काय बोलले ते. अमेरिकेतल्या या नेपरव्हिलच्या थंडीत! कारलं सोडायला हवं होतं.

३० नोव्हेंबर
बर्फ. डोकं ठणकतंय. सूनबाई रुपाली म्हणते, "आई, निदान कॉफी तरी घ्या!" कॉफीला काय चहाची सर येते?

८ फेब्रुवारी, रविवार
रुही खेळली! पण कशी — लेनाच्या हातावर कुणाचा तरी बूट पडला, दोन बोटं मोडली. ती पोर गवतावर बसून रडत होती आणि इकडे रुही हातमोजे चढवत होती. दोन गोल अडवले हिने. मॅच बरोबरीत सुटली. अमित तर सोफ्यावर उभा!
रुपालीने आलं घालून चहा केला. "घ्या आई, फिटला तुमचा नवस." कप ओठाला लावला, पण तसाच खाली ठेवला. मी म्हटलं होतं, रुही उतरू दे. तिथे जागा एकच, दुसरी बाहेर आल्याशिवाय ही आत कशी जाणार? मागताना हे डोक्यातच आलं नाही. लेनालाही कुणी आजी असेल. तीही टीव्हीपुढे बसली असेल.

९ फेब्रुवारी
पुन्हा बोलले देवापुढे. लेनाची बोटं बरी होईपर्यंत चहा नाही. अमित आधी हसला, मग हसायचा थांबला. "आई, ती बरी झाली की रुही पुन्हा बाकावर. कळतंय ना?"
कळतंय रे बाबा.

२९ मार्च, रविवार
जिंकलो! रुही आता छान खेळते, काय उडी मारते!
सांगत होती, लेना पट्टी बांधलेल्या हाताने रोज मैदानावर येते. गोलामागे उभी राहून हिला ओरडून सांगते, डावीकडे सरक, पुढे ये! आपल्या जागी उभी राहिलेल्या मुलीला!
मी विचारलं, "आणि तू गं काय करतेस तिच्यासाठी?"
"मी तिच्या बुटांच्या लेस बांधते, आजी. तिला एका हाताने जमत नाही ना."
फोन ठेवेपर्यंत भाजी करपली.

१७ मे, रविवार
शेवटची मॅच. लेना गोलात, रुही बाकावर. एक-शून्य जिंकलो, वाचलो, वरच्याच वर्गात राहिलो! शिट्टी झाली तशी लेना धावत आधी बाकाकडे गेली, रुहीला उचललंन तिने! चहा घेतला. दोन कप.
संध्याकाळी अमित जवळ येऊन बसला. "क्लब तिला अजून दोन वर्षं ठेवतोय, पण दुसरी म्हणूनच. आई, तूच सांग तिला, परत ये म्हणून. तुझं ऐकते ती."
बोलते म्हटलं.

२० मे, बुधवार
रुहीने सही केली. अमित विचारतोय, "तू बोलली नाहीस का तिच्याशी?"
बोलले. मीच म्हटलं, राहा.