मी वाट चुकलो नव्हतो, मामा

डाळिंब घळीचा तळ,
बदाम झोडपायचे दिवस

आमच्या सगळ्यांच्या डोक्यावरची सावली, वडीलधारे सुबैहमामा यांना,

थोरला भाचा मुसल्लम याचा सलाम पोचावा. अल्ला तुमच्या गुडघ्यांना बळ देवो. आधी उजव्याला देवो, कारण तो जास्त दुखतो असं कळलं, आणि मग डाव्यालाही, म्हणजे तो रुसायला नको. समुद्राकाठची हवा मानवते का? मासे जपून खा. आपण डोंगरातली माणसं, आपल्या घशाला हाडाची सवय, काट्याची नाही. नुवैराच्या घरी तुम्हाला दोन जिने चढून जावं लागतं हे ऐकून मला फार वाईट वाटलं. ज्या माणसाने पन्नास वर्षं परक्यांना आपल्या डोंगरावर चढवलं त्याला जावयाचा दुसरा मजला जड जावा, हा जिन्याचाच दोष असणार. जावयाला म्हणावं, पायऱ्या मोजून घे, गवंड्याने नक्की जास्त बसवल्या असतील.

इकडे सगळं ठीक आहे. विहिरीचं पाणी हातभर खाली गेलंय, पण आहे. बकऱ्या आहेत. मॅनेजरही आहे (गाढव. आधीचं नाव वेगळं होतं, पण सगळं काम दुसऱ्याकडून करून घ्यायची त्याची हातोटी पाहून पाहुण्यांनी हे नाव पाडलं). हे पत्र तोंडाने मी सांगतोय आणि हाताने लेक फरैजा लिहितेय. माझं अक्षर तुम्हाला माहीतच आहे. मागच्या पत्रात मी 'बकरं पाठवतोय' लिहिलं ते तुम्ही 'बायको पाठवतोय' असं वाचलंत, आणि घरात त्यावर जे झालं ते इथे सांगत नाही. फोनवरच बोललो असतो, पण तळावर फोन लागत नाही हे तुम्ही जाणता. लागायला हवा असेल तर घळीच्या तोंडावरच्या खडकावर चढून एका पायावर उभं राहावं लागतं, आणि मला जे सांगायचंय ते एका पायावर सांगण्यासारखं नाही.

दखील उंटवाला मीठ आणायला खाली आला होता. त्याने तुम्हाला सांगितलं म्हणे, की मुसल्लमने तीन पाहुणे डोंगरात हरवले आणि स्वतःही हरवला. आणि तुम्ही म्हणालात म्हणे, की बदाम संपले की मी वर येतो आणि वाटाड्यांच्या पाळीच्या वहीतून त्याचं नाव खोडतो. मामा, पाहुणे दोन होते. ज्याला दोन माणसं मोजता येत नाहीत तो उंटावर बसून जगाच्या शेळ्या हाकतो, आणि तुमच्यासारख्या जाणत्याने त्याचं ऐकावं? वहीतून नाव गेलं की पाहुणे जाणार दुसऱ्यांच्या तळावर. मग माझ्याकडे काय उरणार? पाच दगडी खोल्या, एक संडास आणि मॅनेजर. म्हणून जे झालं ते जसंच्या तसं सांगतो. (पत्र दखीलच्याच हाती देतोय. त्याला वाचता येत नाही. आपल्याच विरुद्धची साक्ष तो स्वतः वाहून आणेल, यात मला थोडं सुख आहे.)

पाहुण्यांपैकी एक कैरोचे रिफअतसाहेब. त्यांचा धंदा उंच इमारतींना लिफ्ट बसवण्याचा. माणसाला एकही पायरी चढावी लागू नये म्हणून तीस वर्षं झटलेला माणूस, आणि डॉक्टरने त्यांना सांगितलं, चाला नाहीतर जाल. आल्या आल्या त्यांनी खोलीची किल्ली मागितली. मी म्हटलं, दाराला कुलूप नाही, कारण चोराला इथवर यायला सहा तास लागतात आणि तो दमून आला तर आपण त्याला आधी चहाच पाजू. मग गरम पाण्याचा नळ विचारला. मी त्यांना बादली दाखवली आणि ऊन दाखवलं. दिव्याचं बटण विचारलं तेव्हा मेणबत्ती दिली. संडासाकडे मात्र ते स्वतःच गेले आणि बराच वेळ आत न शिरता बाहेर उभे राहिले, जणू आतला माणूस बाहेर यायची वाट बघत होते. आत कोणी नव्हतं. दुसऱ्या पाहुण्या म्हणजे जर्मनीच्या हेडविगबाई. वय एकाहत्तर, चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या. त्यांनी पेलाभर पाण्यात तोंड धुतलं, त्याच पाण्यात मोजे धुतले आणि उरलेलं पाणी आपल्या अंजिराला घातलं. मामा, असं माणूस आपल्यात जन्मायला हवं होतं. आपली भाषा त्या जुन्या ग्रंथांवरून शिकलेल्या, त्यामुळे त्यांनी साधा चहा मागितला तरी मनुष्य उठून उभा राहतो. गळ्यात शाळेची शिट्टी आणि हातात कागदी नकाशा.

दोघांना वरचं तळं बघायचं होतं. पाळी माझी होती. एरवी माझ्या पाळीला मी पुतण्याला, अवदला, पाठवतो (चौदा वर्षं पाठवतोय, तुम्हालाही ठाऊक आहे आणि तुम्ही कधी बोलला नाहीत, हा तुमचा मोठेपणा), पण अवद लग्नाला गेला होता. फरैजा म्हणाली, मी जाते, रोज बकऱ्या घेऊन तिथेच असते. मी तिला तुमचा नियम ऐकवला, की वाटाड्या म्हणून पाहुण्यांच्या पुढे आपल्या घरची बाई चालणार नाही. आणि म्हटलं, मी अजून जिवंत आहे. डोंगर जागचा हलत नाही, चौदा वर्षांनी काय आणि चाळीस वर्षांनी काय.

इथे एक मान्य करतो. डोंगर थोडा हलला होता. सहा वर्षांपूर्वीच्या पुरात तळ्याकडे जाणाऱ्या उजव्या ओहोळाचं तोंड धोंड्यांनी बुजलंय हे मला कोणी सांगितलं नव्हतं (फरैजा म्हणते तिने सांगितलं होतं. सांगितलंही असेल. घरात दिवसभर काही ना काही सांगत असतात). त्यामुळे मी डावा ओहोळ धरला. म्हणजे मी वाट चुकलो नाही, वाटेने जागा बदलली. हेडविगबाई नकाशा बघत होत्या. एकदा त्यांनी विचारलं, "हे मार्गदर्शका, पूर्व दिशा आपल्या पाठीशी असणे इष्ट आहे काय?" मी म्हटलं, अगदी इष्ट आहे. त्यांनी पेन्सिलीने नकाशावर एक बारीक फुली मारली. बाई सुसंस्कृत, वाद घातला नाही. पुढे अजून तीन फुल्या मारल्या.

दुपारी आम्ही एका सपाट खडकावर पोचलो. तिथून दूरवर खाली दखीलचे उंट मुंग्यांएवढे दिसत होते. मी जाहीर केलं की तळ्याआधी बघण्यासारखी ही प्रसिद्ध जागा आहे. (त्या दिवसापासून ती प्रसिद्ध आहे, म्हणजे मी खोटं बोललो नाही.) तिथे आम्ही राखेतली भाकरी, चीज आणि मी एकट्याने बरेचसे खजूर खाल्ले. पुढे दोन कड्यांमधली फट आहे, मी विशीत असताना तिच्यातून बकरं खांद्यावर घेऊन गेलोय. रिफअतसाहेब पुढे गेले, सडपातळ माणूस, सहज पलीकडे निघाले. त्यांच्या मागे मी. आणि मामा, त्या खजुरांनी घात केला. फटीच्या मधोमध मी अडकलो. पुढे डोकं आणि एक हात, मागे पाय. दखीलने खालून जे बघितलं ते एवढंच, माझे पाय. पायांवरून त्याने तीन माणसं हरवल्याची बातमी केली.

अडकलो तरी मी वेळ वाया घालवला नाही. पलीकडे रिफअतसाहेब शांतपणे बसले होते, त्यांना आपल्या घराण्याचा सगळा इतिहास सांगितला. पणजोबांनी लांडग्याला समजावून परत पाठवलं तिथपासून सुरुवात केली आणि तुमच्या लग्नातल्या उंटांच्या शर्यतीपर्यंत आणलं. साहेबांनी मधे एक शब्द बोलून व्यत्यय आणला नाही. एवढं मन लावून ऐकणारा श्रोता मला आजवर मिळाला नव्हता. अलीकडे हेडविगबाई मधूनमधून शिट्टी वाजवत होत्या, शाळेची सवय असावी. थोड्या वेळाने (तास किती ते मोजायला घड्याळ हातात होतं, पण तो हात पुढे होता) वरच्या कड्यावरून फरैजा आली. ती बदामाच्या बागेत होती, शिट्टी ऐकून निघाली म्हणे. तिने आधी साहेबांची विचारपूस केली, पाहुणा आधी, हे मी शिकवलेलं. मग मला म्हणाली, "बाबा, सोडा आता." म्हणजे श्वास. बोलण्याच्या भरात मी श्वास धरून ठेवला होता. सोडला, आणि बाहेर आलो. एवढीच गोष्ट.

मग ती दोघांना तळ्यावर घेऊन गेली. घेऊन गेली म्हणजे, ती बकऱ्या बघायला पुढे चालली होती आणि पाहुणे योगायोगाने तिच्या मागून गेले. तुमचा नियम तसूभरही मोडला नाही. (त्या दिवशी बकऱ्या खाली तळावर होत्या, पण बघायला जाण्यासाठी त्या तिथे असल्याच पाहिजेत असं नाही.) दुसऱ्या दिवशीही ती बकऱ्या बघायला शिखराकडे गेली, तिसऱ्या दिवशी जुन्या बंधाऱ्याकडे, आणि पाहुणे पुन्हा योगायोगाने मागे. हेडविगबाईंनी या तीन दिवसांत नकाशावर एकही फुली मारली नाही. एका रात्रीपुरते आलेले रिफअतसाहेब पाच दिवस राहिले. जाताना त्यांनी मला मिठी मारली आणि सोडेचनात. मी म्हटलं, साहेब, लिफ्ट सुटेल तुमची. ते हसले नाहीत. शहरी लोकांना विनोद उशिरा कळतो.

तर मामा, हे असं आहे. हरवलं कोणी नाही. तुमची तब्येत सांभाळा, औषध वेळेवर घ्या. बदामाची एक गोणी तुमच्या नावाने बाजूला ठेवलीय. तुमच्या पायांची वाट ही घळ बघतेय आणि तिच्यात राहणारे आम्हीही.

तुमचाच,
मुसल्लम

ता. क. तुमच्या गुडघ्याचं तेल उरलं असेल तर बाटलीभर दखीलबरोबर द्या. माझा खांदा किंचित दुखतो. खडकाला टेकून बोलल्यामुळे.

पुन्हा ता. क. खरं तर तेल नसलं तरी चालेल. मागणं वेगळंच आहे. माझं नाव खोडायचं असेल तर खुशाल खोडा, पण ती ओळ रिकामी ठेवू नका. तिथे फरैजाचं नाव लिहा. तुमचा नियम मला पाठ आहे, पण नियम केलात तेव्हा उजवा ओहोळ मोकळा होता. आता तो डोंगर मला ओळखत नाही, तिला ओळखतो. हे मी कुणासमोर बोलणार नाही, म्हणून पत्रात लिहितोय. (हे लिहायला ती तयार नव्हती. मी आवाज चढवला तेव्हा लिहिलं.)

आणखी एक. खोडणार नसाल तर वरचं सगळं वाचलं नाहीत असं समजा.

मामाआजोबा, पुढचं माझं आहे, फरैजाचं. बाबा मॅनेजरला पाणी पाजायला गेलेत, तेवढ्यात लिहिते. त्यांनी सांगितलं तसं मी सगळं लिहिलं, एक शब्द बदलला नाही. पण बाबा खजुरांमुळे अडकले नव्हते. फटीपलीकडे पाऊलभर जागा आहे आणि खाली कडा. बाबांनी रिफअतसाहेबांना पुढे जाऊ नका म्हणून दोनदा बजावलं होतं. ते फोटोसाठी गेले आणि पायाखालची वाळू सरकली. बाबांनी स्वतःला त्या फटीत कोंबलं आणि साहेबांच्या कमरेचा पट्टा धरला. मी वरून पोचले तेव्हा साहेबांचे दोन्ही पाय कड्याबाहेर होते. त्यांनी खाली बघू नये म्हणून बाबा बोलत होते. पणजोबांचा लांडगा संपला तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू केला, असं साहेबांनीच मला सांगितलं. दुपारच्या नमाजेपासून त्यानंतरच्या नमाजेपर्यंत, तीन तासांहून जास्त, बाबांनी हात ढिला केला नाही. मी साहेबांना दोर बांधून वर घेतलं तरी बाबांची बोटं उघडेनात, म्हणून मी "सोडा" म्हणाले होते. खांदा निखळला होता, हेडविगबाईंनी बसवला.

हे लिहू या म्हटलं तर रागावले. पाहुण्याची चूक आपल्या घळीबाहेर जाता कामा नये, म्हणाले, त्यापेक्षा माझं पोट वाढलंय असंच लोकांना कळू दे. पण तुम्ही बाहेरचे नाही, असं मी मनाशी ठरवलं.

नाव खोडू नका. माझं लिहायचंच झालं तर त्यांच्या खाली लिहा, त्यांच्या जागी नको. वाट मी दाखवेन, पण गोष्टी सांगायला ते लागतील. ते आले. इतका वेळ काय लिहितेस म्हणून विचारताहेत. मी सांगितलं, तुमचे सलाम लिहितेय, फार लांबलेत.