तीन भुयारांचा तुलनात्मक तक्ता

५ जुलै, शनिवार. सकाळी ९
लेकीची, इरावतीची, पुण्याच्या कॉलेजची ॲडमिशन पक्की. गाडी १० ऑगस्टची. म्हणजे छत्तीस दिवस.

गेली दोन वर्षं तिच्या ट्यूशन्स चालू होत्या. आमचं बोलणं स्कूटरवर, तेही हेल्मेटमधून. लहानपणी माझ्याशी मेंढीकोट खेळायला हट्ट करायची. ठरवलं, रोज एक तास तिच्यासोबत खेळायचं. एकही दिवस चुकवायचा नाही.

शंकर नगरच्या बोर्ड गेम क्लबातून तीन गेम आणले: ब्लॅकस्टेअर, लँटर्न डाउन आणि छोट्या डब्यातला मोल किंग. तिन्ही एकाच जातीचे. सुरुवातीला हातात दहा फालतू पत्ते. खेळता खेळता चांगले पत्ते मिळवायचे, गठ्ठा तगडा करायचा, भुयारात उतरायचं, खजिना उचलायचा आणि राक्षस जागा व्हायच्या आत वर यायचं.

पण तिघांत सरस कोणता? ते न ठरवता खेळायला बसणं म्हणजे दिवस वाया घालवणं. ऑफिसच्या स्टोअर्स-खरेदी खात्यात एकोणीस वर्षं झाली. तुलनात्मक तक्त्याशिवाय मी टाचणीसुद्धा पास केलेली नाही. एक आठवडा मूल्यांकन, मग चार आठवडे नुसता खेळ. प्लॅन उत्तम आहे.

६ जुलै
समिती नेमली. अध्यक्ष मी, सदस्य विनोदिनी आणि इरा. तिघं हजर नसतील तर कोरम नाही, निर्णय बाद. विनोदिनी म्हणाली, पोट्टीसंग खेळाले समिती काहून लागते? बायकोला प्रोसिजर समजावणं अवघड. इरा हसून ओके बाबा म्हणाली. तिला कल्पना फार आवडलेली दिसते.

९ जुलै. संध्याकाळ
पहिली बैठक. ब्लॅकस्टेअर. प्रत्येक नियम मोठ्यानं वाचला, नोटशीटवर घेतला. पत्त्यांचा कागद ओल्या अंगठ्यानं घासून पाहिला, शाई सुटत नाही. डब्याचे कोपरे मोजले. मधेच इरा तिच्या नेहमीच्या हिंदीत म्हणाली की बाबा, आपकी चाल है, दस मिनट से. अध्यक्षाला अशी घाई करायची नसते. अति घाई संकटात नेई.

पाऊण तासात दीड फेरी. मग विनोदिनीचं वरण करपलं आणि बैठक मोडली. गुण देता आले नाहीत.

१२ जुलै, शनिवार
विनोदिनी महाराष्ट्र मंडळात हळदीचे पदार्थ शिकायला गेली. कोरम नाही. इरा म्हणाली, तो हम दोनों खेल लेते हैं ना. क्षणभर मोह झाला. खरंच झाला. पण एकदा नियम मोडला की मग काय उरतं? बैठक तहकूब केली. ती खोलीत गेली. पोरगी समजूतदार झाली आहे.

१७ जुलै
ऑफिसातल्या दयारामला राखीव सदस्य म्हणून घरी आणलं. तो एका खेपेला चार खजिने उचलायला गेला आणि भुयारातच मेला. तरी खूष. कागदाचा दर्जा? हव भैया, बढ़िया है. नियमांची सुबोधता? हव, बढ़िया है. तिन्ही गेमना शंभरपैकी शंभर. अग्राह्य.

इरा मैत्रिणीकडे गेली होती. बैठकीची सूचना मी फ्रिजवर चोवीस तास आधी लावली होती. म्हणाली की फ्रिजपे कौन पढ़ता है. आमचे बाकीचे सगळे निरोप तिथेच असतात. असो.

२४ जुलै. हरेली, इथला शेतकऱ्यांचा सण; सुट्टी
आमच्या टेबलावर पत्ते घसरतात. तिन्ही गेमना सारखी परिस्थिती मिळायला हवी, म्हणून गोल बाजारात जाड हिरवं कापड शोधायला गेलो. बारा दुकानं. तीन तास.

परत आलो तर जिन्यातूनच हसण्याचा आवाज. दार उघडं. मायलेकी फरशीवर फतकल मारून मोल किंग खेळत होत्या. विनोदिनी घुशीच्या बिळात अडकली होती आणि इरा पोट धरून हसत होती. असं हसताना तिला दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. मी चपला न काढता तसाच उभा राहिलो. फार बरं वाटत होतं.

मग विचारलं, अध्यक्ष नसताना कुठल्या नियमाखाली सुरू केलं?

हसू थांबलं. इरानं पत्ते गोळा केले. पण आता दोन सदस्यांचं मन या गेमकडे झुकलेलं, निष्पक्षता गेली. नाइलाजानं मोल किंगला अपात्र ठरवावं लागलं. विनोदिनी म्हणाली, तुमाले पोट्टी पाह्यजे का तक्ता पाह्यजे, ते एकडाव सांगून टाका. प्रश्न संदिग्ध होता. तशी नोंद घेतली.

हिरवं कापड टेबलापेक्षा वीतभर आखूड निघालं.

२९ जुलै
बैठका जमत नाहीत म्हणून इराला लेखी फॉर्म दिला. सतरा रकाने. दोन मिनिटांत भरून आणला. सतराही ठिकाणी ‘अच्छा’. ‘अभिप्राय मोघम’ असा शेरा मारून परत केला. तो तिनं पुन्हा दिला नाही. ती सुटकेस भरून राहिली आहे.

३ ऑगस्ट
मुदतीला एक आठवडा वाढ दिली. वाढ दिल्यावर लक्षात आलं की आठवडाच उरला आहे. छातीत धडधड. ॲसिडिटी असावी.

तरी काम पुढे सरकलं. लँटर्न डाउनचं भुयार आखूड, लगेच संपतं. पाच गुण कापले. ब्लॅकस्टेअरमध्ये वेगळाच दोष: हातातला गठ्ठा कामाचा होईपर्यंत डाव संपत आलेला असतो. ही डिझायनरची चूक. आठ कापले. इरा असल्यावर हा दोष जाणवणार नाही, सबब तीन परत दिले.

९ ऑगस्ट, शनिवार. दुपार
इरा आपणहून लँटर्न डाउन घेऊन आली. आखूड कापडावर नकाशा मांडला, पत्ते पिसले, माझेही वाटले. म्हणाली, कल तो जाना है बाबा, एक बार.

मी म्हटलं, बेटा, फक्त बेरीज राहिली आहे. शेवटचा डाव चुकीच्या गेमवर कशाला घालवायचा? संध्याकाळी जो पहिला येईल तो निवांत खेळू. ती पंधरा मिनिटं समोर बसून होती. मी मान खाली घालून बेरीज करत होतो. नंतर डबा बंद झाल्याचा आवाज आला.

बेरीज चुकली, पुन्हा केली. संध्याकाळी तिच्या मैत्रिणी भेटायला आल्या. घर भरलं होतं, टेबलावर फराळ होता. बोलवायचं कसं?

१० ऑगस्ट
स्टेशन. प्लॅटफॉर्मवर तिला आतापर्यंतचे गुण सांगितले. तिनं ऐकून घेतले. वाकून नमस्कार केला. अंतिम निकाल कळवतो म्हटलं. दुसरं काहीतरी बोलायचं होतं, आठवलं तेव्हा गाडी सुटली होती.

१४ ऑगस्ट
तक्ता पूर्ण. ब्लॅकस्टेअर ८१, लँटर्न डाउन ७८, मोल किंग अपात्र. इतका निर्दोष तक्ता ऑफिसातही झाला नाही. अध्यक्षाची सही केली. विनोदिनीनं न वाचता सही केली आणि म्हणाली, नमनालेच घडाभर तेल गेलं तुमचं.

इराची संमती फोनवर घ्यायची ठरवली. ती मेसच्या रांगेत होती. निकाल सांगितला, दोन्ही आकडे सांगितले. मग म्हणाली, मुझे तो कोई भी चल जाता, बाबा. तिला कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला.

तिच्या नावापुढे लिहिलं, ‘सदस्य सहमत.’ मग ते खोडलं. छत्तीस दिवसांत मी माझ्या पोरीबरोबर एकही डाव पुरा खेळलो नाही.

विनोदिनीनं विचारलं, काय म्हणे पोट्टी? सांगितलं, नेटवर्क नव्हतं.